राखण्या शाबूत आहे

मी, रतनबाई महिपती जांभूळकर, वय ६८, धंदा भातशेती, राहणार वडिवळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, माझ्या मागे कोणाला काय द्यायचे ते आज लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. चार वर्षांपूर्वी अन्ननलिकेच्या कॅन्सरमुळे माझ्या घशाखाली पेजही उतरत नव्हती. ऑपरेशन झाले; आज सकाळी एक सबंध भाकरी चावून खाल्ली. मला कोणी दम दिलेला नाही. तसा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे.

१. राहते घर मुलगा संदेश व सून रुपाली यांना सारखे. रुपालीने मला चमच्याचमच्याने पाणी पाजले आहे. तिचे नाव उताऱ्यावर लागलेच पाहिजे.

२. पितळी डबी. आमच्यात सासू सुनेला मिश्रीची डबी देते, तशी मला मिळाली. चाळीस वर्षे मी तव्यावर तंबाखू भाजून दाताला लावली. रुपालीने ही डबी राखेने घासून तीत काकडीचे बी ठेवावे. रीत माझ्यापाशी संपली.

३. धरणाखालचे माझ्या नावावरचे बारा गुंठे नात प्रेरणा हिला. याचे कारण सांगणे भाग आहे.

मागच्या माघात कान्हे गावच्या सत्यमशी तिची सुपारी फुटायची होती. पाहुणे बसलेले असताना माझे धाकटे दीर गोरखभाऊजी म्हणाले, "वैनीची बिमारी रक्तातली हाय. पोरीत बी उतरंल. आदी सांगितल्यालं बरं." पाहुणे चहा टाकून उठले. प्रेरणा आठ दिवस धड जेवली नाही. मला धड घास गिळता येऊ लागला होता, पण तिच्यासमोर तो गिळवेना.

माझ्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टर माधवीताईंना मी गाठले. त्या म्हणाल्या, "आजी, आपल्या पेशींत राखण करणारी जनुकं असतात. बिघडलेल्या पेशीला ती वाढू देत नाहीत. त्यातलं एक टीपी त्रेपन्न. तुमच्या गाठीत ते मोडलंय."

मला लगेच कळले. भात पिकला की रानडुकरांसाठी आम्ही माचावर राखण्या बसवतो. तो पडला की पीक गेले. मी विचारले, "म्या मिशरी लावून पाडला त्याला?"

"बहुतेक तंबाखूनंच. पण तो जन्मापासूनच मोडका होता का, ते रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

तो महिनाभर मी ऑपरेशनला भ्याले नव्हते एवढी भ्याले. निकाल आला: गाठीतला राखण्या मोडका, रक्तातला शाबूत. गाठीत मोडलेले पोरात उतरत नाही. तो कागद घेऊन मी एकटी कान्ह्याला गेले आणि सत्यमच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला. प्रेरणाने होकाराआधी होणाऱ्या सासूची मिश्रीची डबी बी ठेवायला मागितली, आणि विहीणबाईंनी ती दिली. पोरगी माझीच आहे, म्हणून ती जमीन तिची.

४. माझ्या गाठीचा तुकडा दवाखान्यात मेणाच्या ठोकळ्यात आहे. तो संशोधनाला द्यावा. इतकी वर्षे मला छळले, आता जरा कामाला लागू दे.

५. गोरखभाऊजींना काही नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणतात, म्हणून त्यांनाच साक्षीदार केले आहे. अट एकच: सगळे मोठ्याने वाचून मगच सही करावी.

वडिवळे, १२ नोव्हेंबर २०२५
सही: रतनबाई महिपती जांभूळकर

साक्षीदार:
१. डॉ. माधवी केदारी
२. गोरख जांभूळकर
(सहीखाली त्यांच्याच अक्षरात) वाचलं. रक्त साफ हाय, म्या चुकलो. वैनी, लग्नाचा मांडव माझ्याकडं.