पंपातली खडी

आप्पा, गावच्या विहिरीवरच्या पंपातून उन्हाळ्यात जो आवाज येतो तो तुमचा नाही, हे लोकांना समजावण्यात माझी सगळी सुटी गेली. समजावता समजावता मी अशा जागी येऊन पोचले, की आता तुम्हालाच लिहिणे भाग आहे.

तुम्ही तो आवाज ऐकलेला नाही, म्हणून आधी तोच सांगते. चालू पंपाच्या पोटात कोणीतरी मूठ मूठ खडी टाकत आहे, असे वाटते. पंप उघडला तर आत एकही खडा सापडत नाही. सापडतो तो इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारी फिरती चकती, आणि तीही वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखी पोखरलेली. पावसाळ्यात, थंडीत हे काही नसते. तुम्ही गेलात ते दिवस जवळ आले की टळटळीत दुपारी आवाज सुरू होतो. तुमच्या हयातीत तो कधीच नव्हता. बायका हंडे घेऊन जाताना झपाझप पाऊल उचलतात आणि म्हणतात, "आप्पा आलं गं."

आपल्या घरात भूतखेत मानत नाहीत. विहिरीत हडळ आहे म्हणून मी पाण्याला जायला नाही म्हणाले, तेव्हा तुम्ही मला काठावर नेऊन उभे केले होते. "आदी वाकून बघ, मग भी," एवढेच बोललात, पण तुमचा इतका कडक सूर मी पुन्हा ऐकला नाही. पुढे नगरला शिकले, आता तिथेच पोरांना द्रवांचे शास्त्र शिकवते. वाकून बघण्याचाच पगार घेते तुमची लेक, म्हणा ना.

मला स्वयंपाकघरातली एक सकाळ दिसते. चुलीवर चहाचे पातेले आहे. तुम्ही पंप चालवून गावाला पाणी सोडून आला आहात, धोतर गुडघ्यापर्यंत ओले आहे. पातेल्यात डोकावून तुम्ही मला विचारता, "ह्ये बुडबुडं दर टायमाला त्याच चऱ्यातनं का गं निघत्यात?" मला सांगता येत नाही. आई म्हणते, "पातेल्याला इचारा. मला च्या करू द्या."

उत्तर आज देते. पाणी आपण समजतो त्यापेक्षा फार चिवट असते. ते आपणहून फाटत नाही; त्याला कुठेतरी एक कच्ची जागा लागते. चऱ्याच्या तळाशी डोळ्यांना न दिसणारी हवा अडकून राहते आणि वाफेला तिथे पाय रोवता येतो. विहिरीच्या पाण्यातही धुळीचे कण असतात, त्यांच्या भेगांत अशीच हवा दडलेली असते. आता पंपाकडे या. पंप पाणी ओढतो असे सगळे म्हणतात, पण खरे तर तो फक्त पुढे जागा मोकळी करतो. पाण्याला वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. पाणी जितके खोल, तितका हा दाब वाटेतच खर्ची पडतो. इंपेलरच्या तोंडाशी तो फारच उतरला, की विस्तवाशिवाय पाणी उकळते. त्या दडलेल्या हवेभोवती वाफेचे बुडबुडे फुगतात, पात्यांवरून पुढे सरकतात, तिथे दाब पुन्हा वाढतो आणि ते जागच्या जागी मिटतात. मिटताना आत धावणारे पाणी लोखंडावर सुईसारखे आदळते. असे असंख्य मिटणे म्हणजे ती खडी. याला कॅव्हिटेशन म्हणतात. उन्हाळ्यात विहीर खोल जाते, म्हणून ते उन्हाळ्यात होते.

इतके मी ग्रामसभेत फळ्यावर काढून दाखवले. मग सरपंचांनी विचारले, "पन मॅडम, आप्पा हुतं तवा का न्हवता आवाज?"

खडू माझ्या हातातच राहिला. तुमच्या वेळी पंप विहिरीच्या आत, पाण्यालगतच्या ओट्यावर होता. तो चालू करायला उतरताना तुमचा पाय घसरला. त्यानंतर पुन्हा कोणाला उतरावे लागू नये म्हणून गावाने पंप उचलून वर, काठावरच्या खोलीत बसवला. तुमच्यावरच्या मायेने बसवला, आणि तेवढ्या उंचीनेच पाण्यावरचा दाब कमी पडू लागला. आवाज तुमच्या जाण्यामुळेच आहे, आप्पा. गाव चुकीचे बोलत नव्हते.

उपाय सोपा आहे: पाण्यात बुडून राहणारा पंप दोराने खाली सोडायचा. कोणाला उतरावे लागत नाही, आणि ऐन टंचाईत इंपेलर निकामी होऊन टँकरची वाट पाहण्याची वेळ येत नाही. सरपंच म्हणाले, "म्हंजी आप्पांला रिटायर करायचं म्हना की!" सगळे हसले. आई हसली नाही.

आई उन्हाळ्यात रोज दुपारी त्या खोलीच्या सावलीला भिंतीशी टेकून बसते, हे मला याच सुटीत कळले. मी तिला सारे पुन्हा समजावले, बुडबुड्यांसकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"भूत न्हाई ते मला बी ठावं हाय. तू सांगतीस ते खरं आसंल. पन मला कशापाई सांगितलंस?"

मग तीच पुढे म्हणाली, "बसवा नवा. पोरीबाळी टँकरमागं पळत्यात, ते काय बरं दिसतं व्हय?"

काल जुना पंप शेवटचा चालवला. हे पत्र टाकावे असा तुमचा पत्ता नाही, म्हणून पुढचे इथे लिहिता येते. आई बाहेर भिंतीशी होती. मी आत एकटी, खडी जोरात वाजत होती. मी म्हणाले, "आप्पा, बास झालं. वर या आता."

आवाज थांबला. मोटार मात्र फिरतच होती. विहिरीतले पाणी पंपाच्या नळीच्या तोंडापर्यंत उतरले असणार आणि आत हवा शिरली असणार. अशी थोडी हवा बुडबुड्यांना उशीसारखी होते, त्यांचा मार मऊ पडतो. हे मी दरवर्षी शिकवते.

बाहेरून आईने विचारले, "केलंस का गं बंद?"

मी "हो" म्हणाले. माझा हात अजून स्विचपर्यंत पोचलाही नव्हता.