ब विंगच्या गच्चीवरचे बोंबील

करंजाडे, पनवेल

ती. कुमुदताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढा). तुझा गुडघा कसा आहे? आमच्याकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. फक्त राज्याची बिघडली आहे. एक व्हिडिओ सध्या फिरतो आहे. तो तुझ्यापर्यंत पोहोचण्याआधी हे पत्र पोहोचावं.

आमच्या सोसायटीचा मी अध्यक्ष आहे, हे तुला ठाऊक आहेच. (बिनविरोध. विरोध करायला सभेला कुणी आलंच नव्हतं.) इथली जमीन दाजी नावाच्या गावच्या शेतकऱ्याची आणि त्याच्या भावकीची. भातशेती गेली, बदल्यात त्यांना ब विंग मिळाली. आम्ही मुंबईहून येऊन अ विंग विकत घेतली आणि कारभार आपलाच असं धरून चाललो. कुणी विचारलं नाही, त्यामुळे कारण सांगावं लागलं नाही. आता ब विंगला स्वतंत्र सोसायटी हवी आहे. महिनाअखेरीस मतदान आहे. तोवर काहीच ठरवता येत नाही. फाटकाला तेल घालायचं म्हटलं, तर फाटक उद्या कुणाचं, यावरच सभा संपली. शेवटी डाव्या दाराला घातलं. उजवं कुरकुरतं. ते ब विंगकडचं.

अशा नाजूक काळात राज्यकर्त्याने गप्प बसावं. मी हुकूम काढला. दाजीची बायको वेणू करंजा बंदरावरून बोंबील आणते आणि ब विंगच्या गच्चीवर दोरीला वाळवते. वास अ विंगमध्ये येतो. आमच्या सेक्रेटरी प्राचीताई म्हणाल्या, "सर, तुम्ही नुसते सज्जन आहात. जरा स्ट्राँग व्हा." झालो. गच्चीवर मासे वाळवण्यास सक्त मनाई, खाली माझी सही. दाजीने नोटीस शांतपणे वाचली. "सायेब, कागद बेस हाय. पन बोंबलाला वाचता येत नाय."

म्हणून मी जातीने पाहणीला वर गेलो. अ विंगची मंडळी समोरच्या गच्चीवर साक्षीला उभी. मी दोरीपुढे उभा राहिलो, घसा खाकरला, आणि आभाळ भरून आलं. मार्चमध्ये. थेंब पडू लागले. खालून वेणू ओरडली, "सायेब, बगता काय? उचला ना!"

ताई, दोष तुझा आहे. लहानपणी कुरडया घातल्या की तू मला राखणीला बसवायचीस आणि ढग दिसला की अशीच ओरडायचीस. वाळत घातलेलं भिजू लागलं की माझे हात मला विचारत नाहीत. टोपली नव्हती. बोंबील दोरीसकट खांद्यावर घेतले, उरलेले गळ्यात. जिन्यात शिरताना मागे पाहिलं, तर समोर अख्खी अ विंग मोबाइल वर धरून उभी.

जिन्यात दाजी भेटला. त्याने मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "सायेब, शालीपरीस ह्ये सोभतात." (हा सत्कार होता का, ते अजून कळलेलं नाही.) संध्याकाळी प्राचीताई माझा राजीनामा टाइप करूनच घेऊन आल्या. सही केली. माझ्या कारकिर्दीतलं हे एकमेव काम, जे सांगितल्याबरोबर झालं.

बाकी विशेष नाही. मागणं तर मुळीच नाही. सहज लिहिलं.

तुझा,
कृष्णकांत (माजी अध्यक्ष)

ता. क. दाजीच्या भावकीकडून तू घेतलेला ब विंगमधला फ्लॅट रिकामा असला, तरी त्याला मत आहे. दोन्ही बाजू अगदी तोलावर आहेत. तेव्हा मतदानाला ये आणि सोसायटी एक राहावी म्हणून मत दे. (हे प्राचीताईंनी लिहायला सांगितलं. लिहिलं.)

ता. क. आता माझं. मत वेगळं होण्याच्या बाजूने दे आणि तो फ्लॅट आम्हाला भाड्याने दे. तिकडे दाजी अध्यक्ष होणार आहे. एकदा प्रजा होऊन पाहायचं आहे.

ता. क. येताना कुरडयांचा चीक घेऊन ये. वेणूने गच्चीवर वेगळी जागा ठेवली आहे, बोंबलांचा वास लागू नये म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूला. राखणीला मी आहेच.