चालक कोण होता

स्टॉकपोर्ट,
३ मार्च

प्रिय एर्लिस,

बरी आहेस ना? गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं असं कळलं. इथे सगळं ठीक. पाऊस, बाथरूमच्या टाइल्स विकणं, पुन्हा पाऊस. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. दोनदा लिहून फाडला, हा तिसरा.

काम अगदी छोटं आहे. डॅडच्या केअर होमच्या आवारात ती पिवळ्या पाट्यांची पार्किंगवाली कंपनी आहे ना, तिने माझ्या गाडीवर शंभर पौंडांची नोटीस काढलीय. तारीख १४ जानेवारी. गाडी दोन वाजून चार मिनिटांनी आत आली आणि पाचला चार मिनिटं कमी असताना बाहेर पडली. दोन्हींचे फोटो लावलेत. गाडी ऑफिसमार्फत लीजवर, म्हणजे भाड्याने घेतलेली, म्हणून नोटीस आधी लीजवाल्यांकडे गेली. त्यांनी माझं नाव कळवून अंग काढून घेतलं आणि नाव कळवण्याची फी माझ्याच पगारातून कापली. लाज कशी ती नाहीच.

भेटायला येणाऱ्याने रिसेप्शनवरच्या टॅबमध्ये गाडीचा नंबर टाकला की पार्किंग फुकट, हे तुला मी काय सांगणार? तू तर रोज टाकत होतीस. माझ्या गाडीचा नंबर त्या दिवशी टाकलेला नाही. चालक विसरला असेल. बाप अंथरुणाला खिळलेला असताना नंबर-बिंबर कुणाच्या लक्षात राहतो? तर तू तिथल्या मॅनेजरबाईंना दोन ओळी लिहून दे, की १४ तारखेला या गाडीतून डॅडला भेटायला माणूस आला होता आणि नंबर टाकायचा राहिला. त्या सांगतील, कंपनी नोटीस मागे घेईल, विषय संपला.

‘चालक’ असं का लिहितोय, म्हणशील. ऑफिसातल्या डेरेकने शिकवलंय. असल्या नोटिसांशी भांडणं हाच त्याचा छंद, बायकोही त्यालाच कंटाळून गेली. तो म्हणतो, “ग्लिन, ‘मी’ हा शब्द लिहायचाच नाही. गाडीचं लीज माझ्या नावावर आहे, एवढंच कबूल करायचं. आत कोण बसलं होतं ते त्यांनी शोधावं. बहिणीलासुद्धा सांगू नकोस!” आता सवयच लागलीय. काल दुधाच्या दुकानात गाडी कुणाची म्हणून विचारलं, तर मी गप्प.

डॅड हसला असता. चाळीस वर्षं अर्ध्या रिल गावाला गाडी शिकवली आणि स्वतःला एक दंड नाही. सिग्नलला मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो की कसा ओरडायचा, आठवतं? “हँडब्रेक ओढ, गाढवा! मागच्याच्या डोळ्यांत लाल दिवे कशाला मारतोयस?” तू पहिल्याच धड्यात शिकलीस. मी कधीच नाही.

लायसन्सच्या त्या प्रकरणावर मला आत्ता बोलायचं नाही. चहा ठेवलाय तो दोनदा उकळला.

दोनच ओळी लिही, एर्लिस.

तुझा भाऊ,
ग्लिन


स्टॉकपोर्ट,
२० मार्च

प्रिय एर्लिस,

तुझं कार्ड मिळालं. पुढे समुद्राचं चित्र, मागे तीन वाक्यं. “१४ तारखेला मी दिवसभर डॅडजवळ होते. भेटीच्या वहीत तुझं नाव नाही. खोटं मी लिहिणार नाही.” खाली सहीसुद्धा नाही. आठवडाभर ते फ्रिजवर लावलं होतं, मग काढलं, मग परत लावलं.

तर ऐक, मी जिंकलो. लीजच्या गाडीवर दावा करायचा तर नोटिशीसोबत लीजच्या कराराची नक्कल जोडावी लागते, नाहीतर पैसे फक्त चालकाकडूनच मागता येतात, आणि त्या शहाण्यांनी ती जोडलीच नव्हती. डेरेकने बरोबर पकडलं. मी अर्धं पान खरडलं आणि परवा त्यांचं उत्तर आलं: चालक कोण होता हे ठरवता येत नसल्यामुळे नोटीस रद्द करण्यात येत आहे. डेरेकने मला पबमध्ये नेलं, सगळ्यांना ओरडून सांगितलं. मी बिअर तशीच ठेवून घरी आलो. तेव्हापासून घरात नुसता फिरतोय. खिडकीशी जातो, परत येतो, बसतो, उठतो. ते एक वाक्य डोक्यातून जात नाही. चालक कोण होता हे ठरवता येत नाही, म्हणजे त्या दिवशी तिथे कुणी आलंच नव्हतं.

एर्लिस, चालक मी होतो.

आधी लायसन्सचं सांगतो, कारण सुरुवात तिथून आहे. तीन वर्षांपूर्वी डॅडने शाळेसमोर गाडी फुटपाथवर चढवली. दैव बलवत्तर म्हणून कुणाला लागलं नाही. त्याचे डोळे गेले होते, समोरचं मधलं काही दिसत नव्हतं आणि कबूल करत नव्हता. मी लायसन्सच्या कार्यालयाला कळवलं. ते बरोबरच केलं, आजही तेच करीन. पण त्याच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. पत्राखाली लिहिलं, कृपया माझं नाव उघड करू नये. त्यांनी नाव उघड केलं नाही, पण लायसन्स रद्द झालं आणि डॅडने ओळखलं. “सांगायचं होतंस मला,” म्हणाला. “पाठीमागून कागद लिहिणारा मुलगा माझा नाही. परत इथे येऊ नकोस.” आणि मी गेलो नाही. किती सोपं असतं बघ असलं ऐकणं.

१४ जानेवारीला तू सकाळी फोन केलास, “आजच ये, उद्याचं सांगता येत नाही.” मी लगेच निघालो. वाटेत त्याच्या त्या जहाल पेपरमिंटच्या गोळ्या घेतल्या. गाडी कुंपणाकडे तोंड करून लावली, त्याच्या खिडकीकडे पाठ. समोरासमोर लावायचीसुद्धा छाती झाली नाही. आणि बसलो. दर पाच मिनिटांनी म्हणायचो, आता उतरतो. त्याने “कोण?” विचारलं तर काय म्हणायचं, ते तोंडातल्या तोंडात घोळवत होतो. पाय ब्रेकवर ठेवलेला, तो उचललाच नाही. निघताना पोटरी दगड झाली होती. आरशात त्याच्या खोलीतला दिवा दिसत होता. दोन दिवसांनी तुझा फोन आला.

डॅडला पुरताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस. चर्चच्या दारात मावशीला म्हणालीस, “तो शेवटपर्यंत आलाच नाही.” मी ऐकलं. आत आलो नाही, हे खरं. पण आलो होतो गं.

आज सकाळी मी पार्किंगवाल्यांना लिहिलं, की चालक मी होतो, आणि सोबत शंभराचा चेक जोडला. डेरेक म्हणतो, जिंकलेली नोटीस भरणारा मूर्ख त्याने उभ्या जन्मात पाहिला नाही. असू दे. कुठल्यातरी कागदावर माझं नाव त्या दिवसासमोर लागायला हवं होतं.

ते दोन फोटो सोबत पाठवतोय. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.

चालक,
ग्लिन


रिल,
२६ मार्च

ग्लिन,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. मी ठीक. गुडघा आहे तसाच.

तू आत यायला हवं होतंस. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तू ते विसरणार नाहीस. तो राग अजून आहे आणि तो इतक्यात जायचा नाही.

त्या दुपारी डॅडला खिडकीशी खुर्चीत बसवलं होतं. माणसाचा चेहरा ओळखत नव्हता, पण उजेड त्याला कडेकडेने दिसायचा. तीनच्या सुमारास सुरू झाला. “एर्लिस, बाहेर कोण बसलाय बघ. लाल दिवे दिसतायत.” मी म्हटलं, असेल कुणीतरी, कुणाची तरी वाट बघत असेल. थोड्या वेळाने परत तेच. “जाऊन सांग त्या गाढवाला, ब्रेकवरून पाय काढ म्हणावं. तासभर माझ्या डोळ्यांत दिवे मारतोय.” मला वाटलं, औषधामुळे बरळतोय. अंधारायला लागलं तशी मी पडदा ओढायला उठले, तर त्याने माझा हात धरला.

“राहू दे,” म्हणाला. “असा एकच जण बसतो.”

मी विचारलं, कोण, डॅड? तो दिव्यांकडे तसाच बघत राहिला. दिवे गेले तेव्हा म्हणाला, “पाय दुखला असेल त्याचा.” मग मी पडदा ओढला.

मला तेव्हा काही कळलं नाही. काल तुझ्या पोटरीच्या ओळीपाशी आले आणि पत्र खाली ठेवावं लागलं.

रविवारी ये. माझ्या रस्त्यावर पार्किंग फुकट आहे, कुठे नंबर टाकायला नको. त्या पेपरमिंटच्या गोळ्या उरल्या असतील तर घेऊन ये, आपण त्याच्याकडे जाऊ.

दारासमोर लाव. हँडब्रेक ओढ, आणि आत ये.

एर्लिस