पौलाची वीस वर्षं

प्रिय माया,

विंझरहून गोरखमामानं तांदूळ पाठवलाय, तुझ्या वाटणीचा वेगळा काढलाय. माझा गुडघा बरा आहे. कॉलेजातून निवृत्त झालो तरी इतिहास सुटत नाही. खरं सांगू? गेले चार महिने मी तुझ्या येशूबद्दलच वाचतोय.

बाप्तिस्मा घेतल्याचं सांगायला तू भोरला आलीस, आणि मी लेकीचं ऐकायचं सोडून वर्गात शिकवावं तसा सुरू झालो. म्हटलं, येशू गेल्यावर चाळीसेक वर्षांनी त्याची चरित्रं, ती शुभवर्तमानं, लिहिली गेली. तेवढ्या काळात माणसाची दंतकथा होते. तू शांतपणे म्हणालीस, "बाबा, प्रेषित पौलाची पत्रं त्याच्या आधीची, वीसेक वर्षांतली. आणि तोही म्हणतो, मला मिळालं तेच तुम्हाला देतोय. म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला ही श्रद्धा त्याहून जुनी." मी ओरडलो, की मग तो पुन्हा दिसला म्हणणारे ते शिष्यच खोटारडे! तुझी आई आतून म्हणाली, "पोरीला आधी जेवू तर द्या." तू न जेवताच एसटी गाठलीस.

आता तारखा तपासल्या. तुझं बरोबर होतं. कबर रिकामी होती हे त्यावरून सिद्ध होत नाही, तिथं मी हटणार नाही. पण ती श्रद्धा फार लवकरची, हे मान्य.

आणखी एक, हसू नकोस. तुझी आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या लख्ख उन्हात, ती मला उंबऱ्यावर दिसली. मेथी निवडत होती. मी दोन कपांत चहा ओतून बाहेर आलो, तर कुणी नाही. मनाचा खेळ असेल. मी तसंच मानतो. पण त्या दिवशी मला कुणी खोटारडा म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. त्या शिष्यांवर मी अन्यायच केला.

आणि तुझ्यावरही. आईला निरोप देताना तू डोळे मिटून प्रार्थना सुरू केलीस आणि मी चारचौघांत म्हणालो, "हितं नको." तू गप्प झालीस, ती आजवर. येत्या रविवारी तिचं वर्षाचं पुण्यानुमोदन आहे. मुद्दाम दुपारी ठेवलंय, चर्च सुटल्यावर पोचशील. बुद्धवंदनेनंतर लेक तिच्या रीतीनं चार शब्द बोलली तर चालेल का, असं भंतेजींना विचारलं. ते म्हणाले, "आई तिची, यात विचारायचं काय?" ये. मोठ्यानं म्हण. मला पटणार नाही कदाचित, पण मी तुझ्या शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकेन.

तुझाच,
बाबा