तीन कुलपांचं रिव्हॉल्व्हर

कॉटर्स बेंड, मिसुरी
मार्च १९९४

प्रिय रॉइस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू थबकला असशील. दातांच्या डॉक्टरचं अक्षर इतर डॉक्टरांपेक्षा चांगलं असतं अशी फुशारकी मी आयुष्यभर मारली. आता हात थरथरायला लागल्यापासून तीही गेली. सांभाळून घे. इकडे आम्ही दोघं नवरा-बायको मजेत आहोत. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईंशी ओपलचं पुन्हा वाजलंय, त्यामुळे घरात रोज स्वयंपाकाबरोबर भाषणही असतं. नदीला मासे चढायला लागलेत. माझ्या गुडघ्यानं परवा पावसाचा अंदाज सांगितला आणि रेडिओवाल्याला खोटं पाडलं.

शेरीफनं तुम्हा सगळ्या पोलिसांना नवी पिस्तुलं दिली असं पोस्टात ऐकलं. ती प्लास्टिकच्या मुठीची, चौकोनी, काळी. लहान पोरानं पट्टी ठेवून रेघा मारल्यासारखी. तू खूश असशील, मला माहीत आहे. आपला तो वाद आठवतो ना? मी म्हणायचो, दुकानात जाऊन नवंकोरं पिस्तूल घेणं म्हणजे वाणसामानाच्या यादीत साबणाखाली आणखी एक ओळ लिहिणं. तू म्हणायचास, “डॉक, समोरचा माझ्या अंगावर धावून आला की त्याला काय सांगू? जरा दम धर बाबा, माझ्या सासऱ्याचं हे रिव्हॉल्व्हर एकोणीसशे बारा सालचं आहे, आधी त्याच्या पोलादाची निळाई बघ?” त्या दिवशी ओपल इतकी हसली होती की हातातली रश्श्याची वाटी टेबलावर सांडली. तुझं बरोबरच होतं म्हणा. रात्रंदिवस रस्त्यावर फिरणाऱ्यानं नव्यावरच भरवसा ठेवावा. पण मी कधी कामाचं बोलतच नव्हतो. मी आवडीचं बोलत होतो.

तू पहिल्यांदा घरी आलास तो दिवस मला अजून दिसतो. मार्लानं आधी बजावलं होतं, “बाबा, तुमचं ते कपाट उघडायचं नाही हं. तो पोरगा पळून जाईल.” मी मुद्दाम उघडलं. मुलीच्या बापाला तेवढा तरी हक्क असावा. टेबलावर फडकं पसरून मी स्मिथ कंपनीचं एक जुनं रिव्हॉल्व्हर पुसत बसलो, चेहरा शक्य तितका उग्र केला, आणि तू आत आल्यावर ते तुझ्या हातात दिलं. तू घाबरला नाहीस, की शहाणपणाही दाखवला नाहीस. नळी भिंतीकडे वळवलीस, गोळ्यांचं चाक बाहेर काढून आत गोळी नाही ना ते बघितलंस आणि मग मला विचारलंस, “हे इथं पुढं एवढं पांढरं का पडलंय?” मी म्हणालो, कोणीतरी वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानातून काढलं आणि ठेवलं, म्हणून. तू ते पांढरं टोक बोटानं चाचपत म्हणालास, “म्हणजे हे कोणाच्यातरी कमरेला म्हातारं झालंय.” स्वयंपाकघरात जाऊन मी ओपलला म्हणालो, पोरगी कोणाशी लग्न करणार ते मला ठाऊक नाही, पण हा मुलगा मी ठेवून घेणार आहे.

आणि मग आपले ते शनिवार. शेतातले लिलाव, जत्रेच्या मैदानावरची प्रदर्शनं, तुझ्या ट्रकमधला तो न चालणारा हीटर. मार्ला म्हणायची, “मी लग्न करतेय की बाबांना मित्र आणून देतेय?” ते एकोणीसशे सव्वीसचं कोल्ट रिव्हॉल्व्हर आठव. नदीपलीकडच्या लिलावात ते बिस्किटाच्या डब्यात, खिळे आणि बिजागऱ्यांच्या खाली सापडलं. गंज बघून बाकीचे पुढे गेले. तू म्हणालास, घासून, पॉलिश करून नवं करून टाकू, आणि मी भर गर्दीत तुझ्यावर ओरडलो. त्याच्या अंगावर जे आहे ते त्यानं कमावलेलं आहे, ते घासून काढायला तू कोण? घरी आणून आपण नुसतं तेल लावून, मऊ फडक्यानं, आठवडेच्या आठवडे गंज उतरवला. तेव्हा दिसलं की अक्रोडाच्या मुठीवरची नक्षी उजव्या बाजूला पार गुळगुळीत झालीय. उजव्या हाताच्या माणसाचा अंगठा डाव्या बाजूला येतो. म्हणजे मूळ मालक डावरा. रेल्वेत पार्सलच्या डब्याची राखण करायचा तो, हे त्याच्या मुलीनं नंतर सांगितलं, आणि म्हणाली, “हो हो, बाबा डावरेच होते. जेवताना शेजारच्याला कोपर लागायचं.” तूही डावरा. तू ते हातात धरलंस आणि तुझा अंगठा बरोब्बर त्या झिजलेल्या जागी जाऊन बसला. तुमच्या लग्नात मी तेच तुला दिलं.

तुला मी नीट शब्दांत कधी सांगितलं नाही की जुन्यात मला एवढं काय दिसतं. पोलादाची ती निळाई, तळ्याच्या खोल पाण्यासारखी, आता कोणी चढवत नाही, कारण तेवढा वेळ कोणाला देता येत नाही. चाप असा सुटतो, जशी बारीक काचकांडी मोडावी. एकेक भाग कोणीतरी कानशीनं घासून, बसतोय का बघून, परत घासून बसवलेला. मी दाताची टोपी बसवायचो तसाच. म्हणून मला ते कारागीर भाऊबंद वाटतात. पण खरं कारण वेगळं आहे. नवं पिस्तूल तू काचेपलीकडून घेतोस, खोक्यात घालून घरी नेतोस, त्यात तुझ्याआधी कोणी नसतं. जुनं रिव्हॉल्व्हर कोणाकडून तरी तुझ्याकडे येतं. ते घेताना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसावं लागतं, कॉफी प्यावी लागते, मेलेल्या माणसाच्या गोष्टी ऐकाव्या लागतात. माझं कपाट म्हणजे ओळखीच्या माणसांनी भरलेली खोली आहे, आणि त्यातल्या निम्म्यांच्या ओळखी आपण दोघांनी मिळून केल्या.

मार्ला कॅन्सस सिटीत रुळलीय. नोकरी बरी आहे, घराला छोटासा व्हरांडा आहे. रविवारी फोन करते. तुझं नाव निघालं की आवाजात कडवटपणा येत नाही, हे तुला कळलं तर बरं वाटेल म्हणून लिहितो. तुमच्यात काय झालं ते मी तिला विचारलं नाही, तुलाही विचारणार नाही. दोन चांगली माणसं एका घरात हळूहळू मुकी होत गेली, एवढं आम्हाला जेवणाच्या टेबलावरून दिसत होतं. मी आणि ओपल तेव्हा मटारचं भांडं इकडून तिकडे सरकवत राहिलो. कोर्टात घटस्फोटाचे कागद झाले त्या आठवड्यात तू आमच्याकडे येऊन गेलास, मी घरी नसताना. ओपलच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं ते कोल्ट दिलंस आणि म्हणालास, “हे घरातलं आहे, घरात राहू दे.” ती तुला आत ये म्हणत होती, पण तू पायरीसुद्धा चढला नाहीस. मी आल्यावर तिनं टॉवेल माझ्यासमोर ठेवला. रॉइस, माझ्या खुर्चीत मी हजारो लोकांचे दात उपटले, पण माझंच काही उपटून नेल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. मी तुझ्यावर रागावलो नाही. तू सभ्य माणसासारखा वागलास, नको तितका.

आता ऐक. गेल्या शनिवारी मी मैदानावरच्या प्रदर्शनाला एकटाच गेलो. सगळीकडे तुमची ती काळी चौकोनी पिस्तुलं, एकासारखं एक, आणि त्यांच्याभोवती गर्दी. मी मागच्या रांगेत गेलो. तिथं एक वृद्ध बाई नवऱ्याचा संग्रह मांडून बसल्या होत्या, गळ्यात जांभळा स्कार्फ, थर्मासमधला चहा. आणि त्यांच्या टेबलावर, हिरव्या मखमलीवर, ट्रिपल लॉक. होय, आपलं तेच. चाक तीन जागी कुलूपबंद होणारं, पहिल्या महायुद्धाआधीचं, ज्याच्यासाठी आपण तीन राज्यं पालथी घातली आणि दरवेळी हात हलवत परतलो. निळाई जवळजवळ शाबूत. मी ते उचललं, चाक बंद केलं. तो आवाज तुला कसा सांगू? आणि मी मान न वळवता मोठ्यानं म्हणालो, “रॉइस, अरे हे बघ!” बाईंनी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, “असू दे. मीपण अजून दोन कप चहा ओतते.” त्यांना वाटलं, माझं कोणीतरी वारलंय.

ते रिव्हॉल्व्हर मी आणलं नाही. थांब, शिव्या घालू नकोस, त्याच्यासाठीच हे पत्र लिहायला बसलोय. बाईंना काही सांगायला मी मान वर केली, तर दरवाज्याजवळ, कॉफीच्या खिडकीपाशी तू उभा होतास. माझ्याचकडे बघत होतास. मी हात वर केला, आणि तू कप तसाच फळीवर ठेवून बाहेर निघून गेलास. मी ट्रिपल लॉक मखमलीवर ठेवलं आणि तुझ्यामागे पळालो. माझ्या या गुडघ्यानं, टेबलांना धडकत, लोकांच्या शिव्या खात. बाहेर चिखलात येऊन हाकाही मारल्या. तुझा ट्रक फाटकाबाहेर वळला होता. धाप ओसरल्यावर परत गेलो तोवर ते विकलं गेलं होतं. बाई हळहळल्या. मला गंमत अशी वाटली की मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मी रस्त्याकडेच बघत होतो. रविवारी मार्लाला फोनवर हे सगळं सांगितलं आणि विचारलं, मी रॉइसला लिहिलं तर तुला चालेल का? ती म्हणाली, “बाबा, नवरा म्हणून मी त्याला सोडलंय. तुम्हाला कोणी सोडायला सांगितलं?” तेव्हा येत्या रविवारी ये. ओपल मासे तळणार आहे, आणि ती तुला आत घेतल्याशिवाय दार लावणार नाही म्हणतेय. माझ्याशी नातं काय सांगायचं असा प्रश्न पडला तर कोणालाच काही सांगू नकोस. नुसता ये आणि जेवायला बस.

तुझाच,
डॉक