सेलला हात लावायचा नाही

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद ते काम करणाऱ्यानेच ठेवायला हवी. जिल्ह्याची नवी इमारत होणार! आमचं कार्यालय आणि पोलीस स्टेशन, दोन्ही एकाच छताखाली. तीन मजले, लिफ्ट, समोर कारंजं. इमारत समितीचं सगळं लिखाणकाम माझ्याकडे. म्हणजे खरं तर इमारतच माझ्याकडे.
प्लॅनिंग विभागात सत्तावीस वर्षं काढली, तीही टॉयलेटच्या शेजारच्या टेबलावर. जाणारा प्रत्येकजण माझ्या टेबलावर हात टेकतो. येणाराही टेकतो, आणि तो हात ओला असतो. मला आजवर कोणी ‘आत येऊ का?’ असं विचारलेलं नाही. विचारणार कसं? मला आतच नाही.
संकल्प: नव्या इमारतीत स्वतःची खोली. दार असलेली.

५ जानेवारी
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मागे रंगकाम निघालं तेव्हाही खोली मिळणार होती, मिळालं कपाट. मी म्हटलं, या वेळी समितीत मी आहे. ती म्हणाली, म्हणूनच सांगतेय. नंतर मात्र तिच्या आईला फोनवर सगळं रंगवून सांगत होती. आता सासरी बोभाटा झाला असणार. माघार घेणे नाही.

१९ जानेवारी, दुपार
कमाल केली. नियमाप्रमाणे केबिन फक्त ऑफिसरला. मग मी डोकं चालवलं. केबिनला मंजुरी लागते, सेलचं तसं नाही. तक्रार सेल आहे, आयटी सेल आहे, मग प्लॅनिंग सेल का नको? सेल म्हटलं की कोणाच्या पोटात दुखत नाही.
आज आर्किटेक्टबाईंचा फोन आला, कोणाला काय हवंय ते विचारायला. इन्स्पेक्टरसाहेब बंदोबस्ताला निघाले होते. जाता जाता म्हणाले, आमचंही तुम्हीच सांगून टाका. मी त्यांच्या जीपची शेड, वायरलेसची खोली वगैरे सांगितलं आणि त्याच ओघात आपलंही सरकवलं: एक स्वतंत्र सेल.
बाई फार समजूतदार. त्यांनी विचारलं, किती जणांचा? म्हटलं, एकाचाच. दार? म्हटलं, भक्कम, विचारल्याशिवाय कोणाचं आत-बाहेर होता कामा नये. खिडकी? म्हटलं, उंचावर चालेल, पण उजेड हवा. मग त्यांनी आपणहून विचारलं, टॉयलेट आतच द्यायचं ना? मला गहिवरून आलं. रात्रीच्या मुक्कामाची सोयसुद्धा विचारली. म्हटलं, असू द्या, काम कधी लांबेल सांगता येत नाही.
इतक्या आस्थेने माझी चौकशी माझ्या लग्नातही कोणी केली नव्हती.

२ फेब्रुवारी
नकाशा आला. तळमजला, मागचा कोपरा, ठळक अक्षरांत ‘सेल’. नुसतं सेल. प्लॅनिंग लिहायची गरज वाटली नाही, इतकं सर्वांना ठाऊक आहे. शेजारी ‘ड्यूटी ऑफिसर’, म्हणजे दारावर चोवीस तास माणूस. एवढं मी मागितलंही नव्हतं. दारावर उभ्या रेघा काढल्यात. डिझाईन असावं. बसायला भिंतीलगत सिमेंटचा बाक. उशी घरून नेईन.
आरशासमोर ‘या, बसा’ म्हणायचा सराव सुरू. पहिल्याच दिवशी आवाज चिरकला. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण आलंय?

२३ फेब्रुवारी
निधीची मीटिंग. तिजोरीत खडखडाट. अध्यक्ष म्हणाले, आधी खर्चाला कात्री लावा, मग कर्जाचं बघू. कारंजं गेलं. लिफ्ट गेली. लिफ्ट नाही तर तिसरा मजला कशाला, म्हणून तोही गेला.
मग कोणीतरी नकाशातल्या सेलवर बोट ठेवलं. मी नकाशा माझ्याकडे ओढायला लागलो. पण अध्यक्ष कडाडले, बाकी काय वाटेल ते काढा, सेलला हात लावायचा नाही! सेल नसेल तर वरून मंजुरीच मिळायची नाही. इन्स्पेक्टरसाहेबांनीही जोरात मान हलवली.
माझी कदर वरपर्यंत पोचली आहे याची मला कल्पना नव्हती. पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर जाऊन डोळे पुसून आलो.

१६ मार्च
जनसुनावणी. इमारतीसाठी कर वाढवायचा होता, लोकांना पटवायचं काम माझ्याकडे. स्लाईड्स केल्या होत्या. पहिलीच उलटी लागली. एका आजोबांनी विचारलं, इमारत जमिनीत पुरणार का? मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, आहे त्या इमारतीला काय धाड भरलीय, आतली माणसं बदला. टाळ्यांचा कडकडाट. करवाढ फेटाळली. कर्ज काढायचं, तेही ठरल्याच्या निम्मं.
एकंदरीत सभा यशस्वी. लोकसहभाग उत्तम.

३० मार्च
पुन्हा कात्री. दुसरा मजला गेला. तरी पैसे कमीच पडत होते. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले, तेव्हा मी पुढे झालो. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंनी नव्या इमारतीत एकच गोष्ट मागितली होती: हॉल आणि टॉयलेट यांच्यामध्ये एक भिंत आणि एक दार. मी सुचवलं, ते काढा. टॉयलेटच्या आतल्या दारांवर भागतं. अध्यक्ष म्हणाले, अशी माणसं हवीत.
नंतर इतिवृत्त टाईप करताना टायपिस्टबाईंनी माझ्या नावाखाली रेघ ओढली. जरा वाईट वाटलं. पण एवढ्या मोठ्या कामात कोणाला तरी झळ बसायचीच. माझं टेबल तिथे नसणार, म्हणून मी या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहू शकतो.

७ जुलै
बांधकाम सुरू. डबा घेऊन साईटवर गेलो. मुकादमाला मागचा कोपरा दाखवला आणि म्हटलं, ही खोली माझी, जरा मनापासून बांधा. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. हळूच म्हणाला, घाबरू नका साहेब, चांगला वकील बघा, सगळं नीट होतं. आर्किटेक्ट म्हणायचं असेल. साधी माणसं, पण जीव लावतात.

१२ नोव्हेंबर
सासूबाईंनी पितळी पाटी करून पाठवली. वर माझं नाव, खाली ‘प्लॅनिंग सेल’. बायकोने चिंचेने घासून लख्ख केली आणि टेबलावर उभी करून लांबून पाहिली. म्हणाली, छान दिसते. लग्न झाल्यापासून माझ्या बाबतीत ती हे दुसऱ्यांदा म्हणाली असेल.
इन्स्पेक्टरसाहेबांना विचारलं, मी सेलमध्ये कधी बसायचं? त्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. म्हणाले, तुमच्यासाठी केव्हाही. दिलदार माणूस.
‘या, बसा’ आता खर्जात जमतं.

१८ फेब्रुवारी
उद्घाटन झालं. बायको आणि सासूबाई आल्या होत्या. सविस्तर उद्या.

१९ फेब्रुवारी
सविस्तर नाही.

२० फेब्रुवारी
ठीक आहे, लिहितो.
दारावरच्या रेघा डिझाईन नव्हत्या. गज आहेत. कडी-कुलूप बाहेरून. मी दोघींना घेऊन ऐटीत मागच्या कोपऱ्यात गेलो आणि तिथेच उभा राहिलो. ड्यूटीवरच्या हवालदाराने विचारलं, कोणाला भेटायचंय? सासूबाई आत शिरल्या, बाकावर बसल्या, वर खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, जावईबापू, हवा मात्र खेळती आहे.
बायको हसली असती, टोमणा मारला असता, तर मी निभावून नेलं असतं. घरी आल्यावर तिने पाटी पिशवीतून काढली, पदराने पुसली आणि फडताळात मागे ठेवून दिली. ते मला बघवलं नाही.
चूक आर्किटेक्टबाईंची. शब्दाला संदर्भ असतो, हे शिकलेल्या माणसांना कळायला हवं.
माझं टेबल टॉयलेटशेजारी. मध्ये भिंत नाही, दार नाही. ते कोणी काढायला सांगितलं, हे टायपिस्टबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांनी स्वतः परस्पर आर्किटेक्टबाईंशी बोलून खिडकीशेजारची जागा मिळवली. मला हे का सुचलं नाही? मी मोठ्या कामात होतो.

५ मार्च
टेबलावर बसवत नाही. आता हात टेकणारे थांबून गप्पाही मारतात. आज इन्स्पेक्टरसाहेब तसेच थांबले. माझ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, सेल रिकामाच पडलाय, कोणी येईपर्यंत बसा तिथे.
म्हणजे शेवटी मिळालाच! हा जिल्हा तसा शांत आहे. सहसा कोणी येणार नाही.
घरी सांगितलं. बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं, डबा तिथेच खाणार का?

६ मार्च
डब्याच्या पिशवीत डब्याखाली पाटी निघाली. सोबत सुतळीचा तुकडा. गजांना खिळा लागत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. माझ्या आलं नव्हतं.
पाटी बांधली. उशी ठेवली. दिवसभर कोणी टेबलावर हात टेकला नाही. टेबलच नाही. फाईल मांडीवर. उजेडाचे पट्टे पडतात, एका पट्ट्यात एक ओळ नीट बसते. कामाचा उरक वाढणार.

९ मार्च, सकाळ ११.२०
हवालदार एका माणसाला घेऊन आला. गाडी लावायच्या जागेवरून शेजाऱ्याशी मारामारी. शर्टाची बटणं तुटलेली. तो दाराशी थबकला, पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, शर्ट सारखा केला आणि अदबीने म्हणाला, आत येऊ का?
मी ‘या, बसा’ म्हटलं. आवाज बरोबर लागला.
तो बाकाच्या कडेला अंग चोरून बसला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, तुम्ही कशात? म्हटलं, प्लॅनिंगमध्ये. त्याने विचारलं, किती वर्षं. म्हटलं, आता एकोणतिसावं. तो अरेरे म्हणाला आणि सरकून मला खिडकीखालची जागा करून दिली.
मग हवालदार म्हणाला, साहेब, आता तुम्ही निघा, नियम आहे. मी फाईल घेतली, उशी त्याला राहू दिली. बाहेर येऊन सुतळी सोडायला लागलो. गाठ बायकोने घातल्यासारखी घट्ट बसली होती. आतून तो म्हणाला, पाटी राहू द्या साहेब, कोणी आलंच तर सांगतो, साहेब मीटिंगला गेलेत.