पुढच्या पुलावर

शनिवार, ७ फेब्रुवारी

सगळं तयार. दोन्ही सायकली भिंतीला लावल्यात. ब्रेक दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा उठलो तर आई ओरडेल.

उद्या दीपगृहापर्यंत जायचं आणि दिवे लागायच्या आत, मी दुरुस्तीला बसतो त्या सायकलीच्या दुकानावर परत यायचं. मालकांना पर्यटकांना किनाऱ्याने सायकलवर फिरवून आणणारा माणूस हवाय. कामाबरोबर धक्क्याजवळ राहायला खोली. आम्ही दोघंच इच्छुक— मी आणि दाजी. मालक म्हणाले, "एकच वेळेत आला तर काम त्याचं. दोघं आलात तर मी निवडेन." कोणाला निवडतील ते सगळ्यांना माहीत आहे. दाजींना अजून टायर काढता येत नाही. जेवताना आई म्हणालीच, "जावईबापूंच्या सायकलीत हवा भरायलाही आमचाच मुलगा लागतो." दाजी हसले. ताईने ताटातून मान वर केली नाही. लग्न झाल्यापासून ती दोघं आमच्या पुढच्या खोलीत पडद्याआड राहतात.

पण ठरलंय— एकत्र जायचं, एकत्र यायचं. म्हणून सामान वाटून घेतलं. ट्यूब माझ्याकडे, पंप दाजींकडे. म्हणजे एकाला टाकून दुसऱ्याला जाता येणार नाही. ही युक्ती माझी.

माझ्या मागच्या चाकाचा टायर, ट्यूब आणि रिममध्ये घालायची कापडी पट्टी कागदावर मांडली होती. ती पट्टी नसेल तर स्पोकांची टोकं ट्यूबला भोक पाडतात. ताईनेच शिवून दिलीय, कडेला निळा दोरा. ती आली आणि म्हणाली, "पाठ टेक जरा. चाक मी बसवते. बाबांचं दुकान होतं तेव्हा तुला हे शिकवलं कोणी?"

खरंच आहे. तिनेच शिकवलं. झोपतो.

रविवार, ८

काम गेलं. बाकीचं उद्या.

सोमवार, ९

निघालो तेव्हापासूनच वारा समोरून. तिथे त्याला अडवायला काहीच नाही. एका बाजूला बांध आणि त्यामागे समुद्र, दुसऱ्या बाजूला पाणथळ कुरणं, मधे दोरी लावून आखल्यासारखा रस्ता. अशा वाऱ्यात पुढचा मरतो आणि मागचा त्याच्या पाठीआड आरामात येतो. म्हणून आमचा नियम होता— पाटावरचा पूल आला की बदली.

पहिला पूल आला. म्हणालो, "दाजी, या पुढे."

"गुडघा धरलाय जरा, मेहुणे. पुढच्या पुलाला घेतो."

दुसरा आला. "पुढच्या पुलाला. शप्पथ."

मग मागून गाणं ऐकू यायला लागलं. मला श्वास पुरेना आणि ह्यांना गाणं सुचतंय! वर म्हणतात, "तुझी पाठ म्हणजे कपाट आहे रे, वाराच लागत नाही." मी हसलोसुद्धा. मूर्ख.

दीपगृहाला वळसा घातला. आता वारा पाठीवर होता, आणि गुडघा धरलेला माणूस माझ्याहून ताजा. थोडं गेलो तोच माझं मागचं चाक पंक्चर झालं. दाजी थांबले, पण सायकलवरून उतरले नाहीत. "काढ तू ट्यूब तोवर. इथे उभं राहून पाय आखडतील. मी पुढच्या पुलावर थांबतो."

पंप त्यांच्या दांड्याला. हे मला सुचायच्या आत ते बरेच पुढे गेले होते.

टायर काढला तर आत पट्टीच नाही. ताईकडून घाईत राहिली असणार. रुमाल फाडून तिथे बसवला, नवी ट्यूब घातली आणि सायकल ढकलत पुलावर गेलो. पुलावर कोणी नव्हतं. त्यापुढच्या पुलावरही नव्हतं. लांब एक ठिपका दिसत होता. सपाट मुलखाचं हे वाईट— माणूस सोडून गेला तरी लवकर दिसेनासा होत नाही.

दुधाच्या गाडीवाल्याने आणून सोडलं. तेव्हा दिवे केव्हाच लागले होते.

मंगळवार, १०

मालक म्हणाले, "दमून दीपगृहावरच बसलास म्हणे. तुझं काम इथे बाकावरच बरं, बाबा."

म्हणे! कोण म्हणे, ते विचारायची गरज नाही.

घरी दाजींना विचारलं. शर्टाला इस्त्री करत होते. "अरे, मला वाटलं पंप तुझ्याकडे आहे." मीच बांधला होता तो त्यांच्या दांड्याला, त्यांच्यासमोर.

ताईने पायाच्या फोडांना मलम लावलं. म्हणाली, "मनात धरून बसू नकोस. तुझं वय आहे अजून. तुला मिळेल दुसरं." तिच्यापुढे रडलो. तिच्याएवढं घरात कोणी विचारलं नाही. पट्टीचं मात्र तिला सांगितलं नाही. जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल.

गुरुवार, १२

मालकांना खरं सांगायला गेलो होतो. त्यांच्या दारातून परत आलो. दाजींचं काय व्हायचं ते होऊ दे, पण खोली ताईचीही आहे. काल आईला खिडकीचं वर्णन करून सांगत होती. पडदा लावणार नाही म्हणाली. पडदे पुरे झाले.

असं मोकळं हसताना तिला खूप दिवसांत पाहिलं नव्हतं.

रविवार, १५

ताई आज गेली. हातगाडीवर सामान मीच बांधलं. ओढताना शर्टाचं बटण तुटलं. ताई आतून म्हणाली, "माझ्या शिवणाच्या डब्यातून सुईदोरा घे."

डब्यात, बटणांच्या खाली, माझी पट्टी. कडेला निळा दोरा. घट्ट गुंडाळून वर टाचणी लावलेली.

डबा बंद केला. गाडीवर ठेवून दोरी नीट आवळली, वाटेत काही सांडू नये म्हणून.